सहा आठवड्यांत ३ किलो उतरले आणि काटा अडकला, आता रात्रीचं जेवण बंद करू का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३८, उंची १७० सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ८६ किलो. गोड बंद केलं, जेवण थोडं कमी केलं, रोज ४५ मिनिटं चालता. पहिल्या आठवड्यात २ किलो उतरले, पुढच्या तीन आठवड्यांत १ किलो, आणि गेले पंधरा दिवस काटा ८३ वरून हलेना. याच पंधरा दिवसांत जिमही सुरू केली. तीन महिन्यांत १५ किलो उतरवायचे आहेत, म्हणून रात्रीचं जेवण पूर्ण बंद करायचं मनात आहे.

रात्रीचं जेवण बंद करू नका. तुमचं व्यवस्थित चाललं आहे, अडचण आहे ती मुदतीची. ती अशी.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात (पाकिटावर छापतात त्याच कॅलरी). म्हणजे १५ किलोंच्या १,१५,५००. त्या ९० दिवसांत जाळायच्या तर रोज जवळजवळ १,२८० कॅलरींची तूट हवी, म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खायला हवं. तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या पुरुषाचं शरीर, बैठं काम आणि थोडंफार चालणं धरून, दिवसाला सुमारे २,४०० कॅलरी खर्च करतं. त्यातून १,२८० वजा केल्या की हातात उरतात ११००-११५०. एवढ्यावर तीन महिने नोकरी, घर आणि व्यायाम सांभाळणं फार थोड्यांना जमतं, आणि ज्यांना जमतं त्यांच्या उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटाही बराच असतो. त्यामुळे तीन महिन्यांत १५ किलो ही अपेक्षाच सोडा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का हा वरचा वेग समजा. तुमच्या बाबतीत तो ४०० ते ८०० ग्रॅम होतो, आणि ४०० च्या आसपास राहिलात तरी उत्तम.

आता पहिल्या आठवड्यातले २ किलो. सगळ्यांची अपेक्षा बिघडते ती इथेच. स्नायू आणि यकृत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली साखर) साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं, विशेषतः गोड आणि पिष्टमय पदार्थ, कमी केले की हा साठा घटतो आणि त्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. मीठ कमी पोटात गेलं तर आणखी थोडं पाणी जातं, आतड्यातलं अन्नही कमी होतं. म्हणून २ किलो उतरले हे खरं असलं तरी त्यात चरबी असेल फार तर ३००-४०० ग्रॅम. तुमच्या प्रयत्नांचं खरं मोजमाप आहे पुढच्या तीन आठवड्यांतला १ किलो. ७,७०० भागिले २१, म्हणजे रोज साडेतीनशेच्या वर तूट. नवशिक्यासाठी हा चांगला आकडा आहे, आणि तो तुम्ही उपाशी न राहता गाठलात.

मग गेले पंधरा दिवस काय झालं? तीच तूट चालू असेल तर या काळात सुमारे ७०० ग्रॅम चरबी गेली असणार. पण पाण्यामुळे शरीराचं वजन एका दिवसातून दुसऱ्या दिवसात सहज एक-दीड किलो वरखाली होतं. त्यात तुम्ही जिम सुरू केलीत. सवय नसलेल्या स्नायूंना नवा ताण बसला की त्यांच्यात बारीक इजा होते, ती भरून काढताना तिथे पाणी धरलं जातं. शिवाय व्यायाम करणारे स्नायू ग्लायकोजेनही जास्त साठवू लागतात, पाण्यासकट. पहिले दोन-चार आठवडे हे पाणी एखादा किलो सहज भरतं. म्हणजे चरबी ७०० ग्रॅम खाली, पाणी ७०० ग्रॅम वर, आणि काटा जागच्या जागी. पायऱ्या उतरताना मांड्या दुखत असतील तर हेच चाललंय असं समजा. याच टप्प्यावर लोक जिम सोडतात, 'व्यायामाने वजन वाढतं' म्हणून, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मीठ जास्त असलेलं एक बाहेरचं जेवण, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, लांबचा प्रवास यांनीही काटा वर जातो. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत एक-दोन किलो वाढ दिसू शकते. त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. एका रात्रीत १ किलो वाढलं म्हणून घाबरण्याआधी एवढंच बघा: तेवढी चरबी साठायला रोजच्या खर्चावर ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या. तेवढं खाल्लं नसेल, तर ते पाणी आहे.

म्हणून वजन मोजायची पद्धत बदला. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, कमीत कमी कपड्यांत. काटा कडक आणि सपाट फरशीवर, रोज त्याच जागी. गालिच्यावर ठेवलेला काटा चुकीचं दाखवतो. आकडा लिहून ठेवा आणि विसरा. सात दिवसांची बेरीज करून सातने भागा, आणि बघायची ती फक्त ही सरासरी. समजा एका आठवड्यात ८३.४, ८२.९, ८३.६, ८३.१, ८२.८, ८३.५, ८३.० असे आकडे आले. सरासरी ८३.२. पुढच्या आठवड्यात ८३.१, ८२.७, ८३.३, ८२.६, ८३.०, ८३.५, ८२.५. सरासरी ८३.० च्या किंचित खाली. दोन्ही आठवड्यांत सहाव्या दिवशी काटा ८३.५ दाखवतो. जो फक्त त्याच दिवशी वजन करतो तो म्हणेल, आठवडा वाया गेला. प्रत्यक्षात सरासरी २०० ग्रॅमहून जास्त उतरली आहे. रोज आकडा बघून मन खट्टू होत असेल तर आठवड्यातून तीनदा मोजा, पण एकदाच मोजून निर्णय घेऊ नका.

जोडीला दर दोन आठवड्यांनी कंबर मोजा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास नेहमीसारखा सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. काटा अडकलेला असताना कंबर १ सेंटिमीटर कमी झाली तर काम चालू आहे. पोटावरची चरबी आधी जावी असं सगळ्यांना वाटतं, पण कुठली चरबी आधी जाणार हे शरीर ठरवतं. पोटाचे व्यायाम पोटाचे स्नायू मजबूत करतात, तिथली चरबी वेगळी काढत नाहीत. घाम आणणारे पट्टे फक्त पाणी काढतात, पाणी प्यायलात की ते परत.

खाण्याच्या मोजमापाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी गळती इथे असते. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता: कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं प्रत्यक्ष खाणं आणि खर्च त्यात मोजला. त्यांनी खाणं सरासरी ४७ टक्के कमी आणि व्यायाम ५१ टक्के जास्त सांगितला होता. ती माणसं खोटं बोलत नव्हती. डोळ्यांना अंदाज येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, १२० कॅलरींचं असतं. तुमचं ४५ मिनिटांचं चालणं, त्या वेळात नुसतं बसून जेवढं जळलं असतं ते वजा केलं तर, १५०-१६० कॅलरींचं आहे. भांड्यात अंदाजाने ओतलेलं तेल आणि येताजाता खाल्लेला मूठभर सुकामेवा मिळून ते चालणं पुसून टाकतात. घड्याळ किंवा ट्रेडमिल ३५० दाखवत असेल तर तो आकडा खाऊन भरून काढायला वापरू नका. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या आणि दोन आठवडेच सगळं तोलून लिहा. जन्मभर तोलायची गरज नाही; दोन आठवड्यांत नजर तयार होते.

दुसरी गळती शनिवार-रविवारची. पाच दिवस रोज ४०० ची तूट म्हणजे २,०००. दोन दिवस रोज १,००० जास्त खाल्ले की हिशेब शून्यावर. 'आठवडाभर सांभाळतोय तरी उतरत नाही' यामागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि रात्रीचं जेवण सोडल्याने हीच गळती वाढते, कारण पाच रात्रींची भूक सहाव्या दिवशी वसूल होते.

सध्या जेवढं खाताय तेवढंच राहू द्या, फक्त त्यातली प्रथिनं दिवसाला सुमारे १०० ग्रॅमपर्यंत न्या, तिन्ही जेवणांत वाटून. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) जिम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे: बैठका, ढकलायचा एक व्यायाम, ओढायचा एक, प्रत्येकी दोन-तीन सेट, आणि उचललेलं वजन वहीत लिहा. तूट चालू असताना शरीर स्नायूही खर्चात काढतं. प्रथिनं आणि वजन उचलणं मिळून ते बरंचसं थांबवतात.

आणखी चार आठवडे असंच. सरासरी आणि कंबर दोन्ही चार आठवडे हलली नाहीत तरच बदल करा, आणि एका वेळी एकच: एकतर दिवसाच्या खाण्यातून १५० कॅलरी कमी, किंवा चालणं २०-२५ मिनिटांनी जास्त. दोन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी कमी करायला काही शिल्लक राहणार नाही.

वेग हळूहळू मंदावेल, हे आत्ताच माहीत असू द्या. हलक्या शरीराचा खर्च कमी असतो. ८६ चे ७१ झालात की दिवसाचा खर्च सुमारे २०० कॅलरींनी घटलेला असेल. म्हणजे सुरुवातीला ४०० ची तूट देणारं तेच ताट शेवटी २०० ची देईल. त्यात कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो: लिफ्ट घेतो, बसून राहतो. म्हणून १५ किलोंसाठी मी तुम्हाला एक ते सव्वा वर्ष धरायला सांगेन. पहिलं लक्ष्य मात्र ५ टक्क्यांचं ठेवा, म्हणजे ८१.५ च्या आसपास. ५ ते १० टक्के उतरलं तरी रक्तदाब, रक्तातली साखर आणि यकृतातली चरबी यांत फरक दिसतो. तिथे पोचलात की तीन-चार आठवडे वजन आहे तिथेच टिकवून बघा, खाणं थोडं वाढवून. लोक उतरवायचं शिकतात, टिकवायचं शिकत नाहीत, आणि परत येणारं वजन बहुतेक तिथूनच येतं.

शेवटी तब्येतीचं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. वजन उतरताना तोच डोस जास्त पडून साखर किंवा दाब एकदम खाली जाऊ शकतो. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि दोन-तीन महिन्यांनी केसही गळू शकतात. थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता असं सगळं एकत्र असेल तर थायरॉइड तपासून घ्या, मात्र त्याने वाढलेलं वजन सहसा दोन-चार किलोच असतं आणि त्यातही बरंचसं पाणी. आणि खाण्याचे विचार दिवसभर डोक्यातून जात नसतील, जेवल्यावर अपराधी वाटत असेल किंवा उलटी काढावीशी वाटत असेल, तर तूट तिथेच थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.