कुवेतची जाळी आणि कोकणातली झड

प्रश्न: माझे आजोबा पन्नासच्या दशकात कुवेतला बांधकामावर होते, घरी तिथल्या एका शाळेचा फोटो आहे, लांबच लांब इमारत, सिमेंटच्या जाळ्या, सपाट गच्ची, एकदम स्टायलिश. आमच्या गावच्या शाळेला नवीन वर्ग बांधायचेत, माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवलेत. तसंच काहीतरी बांधलं तर चालेल का? (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर: फोटो आधी जपून ठेवा, त्या काळातल्या बऱ्याच इमारती तिकडे पाडल्या गेल्यात. 1946 ला कुवेतचं तेल पहिल्यांदा जहाजात भरलं आणि त्या पैशातून शाळांचा सपाटाच लागला. तिथल्या शुवैख भागातली मोठी माध्यमिक शाळा 1953 ची, वसतिगृहासकट, डिझाइन ट्राइप अँड वेकहॅम या ब्रिटिश फर्मचं. (आजोबांचा पगार रुपयातच असणार, 1961 पर्यंत तिथे रुपयाच चालायचा, शेवटी शेवटी आखातासाठी वेगळा छापलेला.) तिकडे बैरूतला मिशेल एकोशार या फ्रेंच आर्किटेक्टने शाळा बांधल्या, बगदाद विद्यापीठाचं डिझाइन वॉल्टर ग्रोपिअस या जर्मन-अमेरिकन आर्किटेक्टच्या ऑफिसकडे होतं, तिथे तर इमारती मुद्दाम जवळजवळ ठेवल्या, एकीची सावली दुसरीवर पडावी म्हणून. सगळ्यांचा वैरी एकच, ऊन. ते भिंतीला लागायच्या आधीच अडवायचं, म्हणून ते छज्जे नि जाळ्या, नुसती स्टाइल नव्हती ती.

आता आपलं बघा. कुवेतला वर्षभरात जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस, तेवढा आपल्याकडे जुलैत एका दिवसात पडून मोकळा होतो, आणि जाळी ऊन अडवते, झड नाही अडवत, म्हणजे दर्याच्या बाजूला जाळी लावलीत तर पोरं ओल्या बाकांवर बसणार आणि भिंतीला शेवाळ. तिथे चिऱ्याची भिंत, बंद करता येतील अशा खिडक्या आणि वर खोल छज्जा. जाळी घ्या उत्तर-पूर्वेला, रुंद पडवीच्या आत, मे महिन्यात वारा आरपार खेळेल. इजिप्तचा आर्किटेक्ट हसन फतही तर सिमेंटच्या मागे गेलाच नाही, लक्सरजवळ न्यू गुर्ना गावात त्याने शाळासुद्धा मातीच्या विटांची बांधली, मग आपण चिरा सोडून कशाला पळायचं?

सपाट गच्ची मात्र अजिबात नको. चार पावसाळ्यांत गळती लागते, मग वर पत्र्याची शेड टाकावी लागते, त्यापेक्षा आधीच उतरतं छप्पर करा. इंजिनिअर म्हणेल स्लॅब बरा, पुढे वरचा मजला चढवता येईल, तर त्याला विचारा वरच्या मजल्याचे पैसे कोण देणार.