उघाडी आणि जिताडा

प्रश्न : आमच्या खाजणातला (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतला) बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, पक्का होणार, त्यात पाणी सोडायच्या नव्या उघाड्याही बसणार. उधाणाचं पाणी थांबेल, पण तिवरं (खारफुटी) आणि मासळीचं काय? – एक शेतकरी, अलिबाग तालुका

उत्तर : दादा, प्रश्न वेळेत विचारलात. काम झाल्यावर विचारणारेच जास्त.

आधी उघाडी. तिची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरतीला मिटते. शेताला हेच हवं. जिताडा या माशाला नको. तो खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो आणि पिल्लं भरतीबरोबर गोड्या पाण्याकडे चढतात. झडप घट्ट मिटली की पिल्लं बाहेरच! म्हणून ज्या उघाडीमागे शेत नसून नुसता नाला आहे, तिथे तरंगत्या भाराची झडप मागा. पाणी ठरावीक पातळीला येईपर्यंत ती उघडी राहते, मग आपोआप मिटते. भारावर मात्र माणसाचं लक्ष हवं. झडप गंजली की दोन्हीकडून गेलं.

बांध तिवरांच्या जमिनीकडच्या बाजूने आखायला सांगा, खाडीकडच्या नव्हे. तिवरं लाटेचा जोर मोडतात, बांधाचा खर्च वाचतो. शिवाय २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा आहे. बांधाला लागणारी माती तिवरांच्या मुळांतून उपसू देऊ नका. आमच्याकडे एकदा तशीच उपसली, आणि पुढच्याच पावसाळ्यात बांध तिथेच फुटून खांड पडली.

बांधातली चिंबोऱ्यांची (खेकड्यांची) बिळं तेवढी उन्हाळ्यात बुजवा. त्यांच्याबद्दल मला फारशी दया नाही, रश्श्यातल्या सोडून.