मध्यरात्रीची जाग: ती येते कशाने आणि टिकते कशाने

तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ४८. अकराला अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागते, तीन-सव्वातीनला डोळे टक्क उघडतात, उठून बाथरूमला जाऊन येता आणि पुन्हा डोळा लागतो तो थेट पाचला. सहाला गजर. सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत झोपून भरपाई करता. आठवड्यातले चार-पाच दिवस हे असं, आणि चार महिने झाले. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या ठीक आहेत, पण कुणीतरी सांगितलं की तीनला जाग म्हणजे यकृत बिघडलं, आणि त्याचीच आता धास्ती बसली आहे.

मी डॉक्टर नाही. झोपेची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं रात्रपाळीची तंत्रज्ञ होते. माणसं झोपलेली असताना त्यांचा श्वास, मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके रात्र रात्र पडद्यावर बघत बसायचं हेच काम. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

यकृताची भीती आधी मनातून काढा. रात्रीच्या दर दोन तासांवर एकेका अवयवाचा अंमल असतो, ही पारंपरिक चिनी वैद्यकातली कल्पना आहे. जाग किती वाजता येते यावरून यकृताचा आजार ओळखता येतो, याला पुरावा नाही.

तीनच का, याचं उत्तर झोपेच्या रचनेत आहे. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांत चालते आणि रात्रभरात अशी चार ते सहा आवर्तनं होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या तीन-चार तासांतच उरकतो. पुढच्या रात्रीत उथळ झोप आणि स्वप्नांची, म्हणजे रेम झोप जास्त. दिवसभराच्या जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची भूक वाढवतं. तीनपर्यंत ती भूक बरीच भागलेली असते. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोनेक तास शरीराचं तापमान सगळ्यांत खाली गेलेलं असतं आणि तिथून वर चढायला लागतं. शरीराला जागं व्हायला तयार करणारं कॉर्टिसोल हे संप्रेरकही रात्रीच्या उत्तरार्धात वाढू लागतं. त्यामुळे बाराला ज्या आवाजाने, उकाड्याने किंवा काळजीने तुम्ही हलला नसता, त्यानेच तीनला डोळे उघडतात.

आणि जाग सगळ्यांनाच येते. ठणठणीत माणसांच्या तपासणीतही रात्रभरात कितीतरी वेळा काही सेकंदांची जाग दिसते, आणि सकाळी विचारलं तर ती सांगतात, एकदाही डोळा उघडला नाही. जाग लहान असली की ती आठवणीत राहतच नाही. १९९२ मध्ये थॉमस वेअर यांनी निरोगी माणसांना रोज १४ तास अंधारात ठेवून पाहिलं, तर काही आठवड्यांत त्यांची झोप आपोआप दोन तुकड्यांत विभागली आणि मधे तास-दोन तास ती शांतपणे जागी राहू लागली. म्हणजे नुसती जाग हा काही आजार नाही.

म्हणून मी नेहमी दोन प्रश्न वेगळे करते. जाग आणली कशाने? आणि एकदा आल्यावर दोन तास टिकवली कशाने? या दोन्हींची कारणं बहुतेक वेळा वेगळी निघतात. लोक एकाचाच इलाज करतात, दुसरं तसंच राहतं, आणि मग काहीच लागू पडत नाही असं वाटायला लागतं.

पहिल्या प्रश्नाला तुमचं उत्तर तयार आहे: लघवी. यावरच मला जास्त बोलायचं आहे.

प्रयोगशाळेत एक गोष्ट मी असंख्य वेळा पाहिली. नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, डोक्याला वायरी. रात्र निम्मी उलटते, रेम झोप सुरू होते. पडद्यावरची श्वासाची नागमोडी रेघ बारीक होत होत सपाट होते. छातीचा आणि पोटाचा पट्टा मात्र हलत असतो, तोही उलटसुलट, एक वर तर दुसरा खाली. म्हणजे माणूस श्वास ओढायला धडपडतोय, पण घसा मिटलाय. वीस सेकंद, तीस सेकंद. ऑक्सिजन ९५ वरून ९०, मग ८६, ८३. मग मेंदूच्या लहरींत एकदम खळबळ उडते, मोठा घुर्र आवाज होतो, माणूस कूस बदलतो आणि रेघ पुन्हा नागमोडी होते. मिनिटभरात तेच परत. असं बऱ्याचदा झालं की तो उठून बसतो, बेल दाबतो आणि म्हणतो, "जरा बाथरूमला जायचंय." सकाळच्या प्रश्नावलीत लिहितो: लघवीसाठी एकदा जाग आली. श्वासाबद्दल अक्षर नाही, कारण त्यातलं त्याला काहीच कळलेलं नसतं.

लघवीची जाणीव खोटी असते असं मात्र नाही. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब उतरतो आणि हृदयाकडे जास्त रक्त खेचलं जातं. अंगात पाणी जास्त झालंय असा संदेश समजून हृदय एक संप्रेरक सोडतं, आणि मूत्रपिंडं खरोखरच जास्त लघवी तयार करतात. म्हणूनच श्वासावर उपचार झाले की अनेकांचं रात्रीचं उठणंही कमी होतं.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला किंवा फार मंदावला की एक घटना मोजतात. तासाला ५ पासून पुढे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. घशाचे स्नायू रेम झोपेत सगळ्यांत सैल पडतात आणि रेम झोप उत्तररात्री जास्त असते. तुमची तीनची वेळ या हिशेबात बसते. घोरण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारा. कुणी नसेल तर दोन-तीन रात्री फोनवर आवाज रेकॉर्ड करा. घोरता घोरता एकदम शांतता आणि मग दचकून घेतलेला मोठा श्वास, हे ऐकू आलं तर तपासणी टाळू नका. उठल्यावर घसा कोरडा पडणं, सकाळी डोकं जड असणं, औषधं घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणं, याही खुणा. हा फक्त लठ्ठ पुरुषांचा आजार आहे, हा समज फार नुकसान करतो. बारीक अंगाच्या माणसांनाही तो होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. बायका बहुतेकदा घोरण्याची नाही, तर थकव्याची आणि तुटक झोपेची तक्रार घेऊन येतात. त्यामुळे निदान वर्षानुवर्षं राहून जातं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. उपचार आहेत. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र १९८१ मध्ये कॉलिन सलिव्हन यांनी जगापुढे आणलं. अनेकांची तपासणी आता घरच्या घरीही होते.

लघवी हेच मूळ कारण असेल तर ते मोजून कळतं. दोन-तीन दिवस दिवसाची आणि रात्रीची लघवी मापाच्या भांड्यात मोजा. रात्री भरपूर होत असेल तर साखर, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, किंवा दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परतणं, ही कारणं बघायची. पाय सुजत असतील तर संध्याकाळी तासभर ते उंचावर ठेवून पडल्याने फरक पडतो. थोडी थोडीच होत असेल तर मूत्राशय किंवा प्रोस्टेट.

दारू घेत असाल तर ते आधी बघा. पटकन झोप लागते आणि तीनला खाडकन जाग येते, हे दारूचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. पूर्वरात्री ती गुंगी आणते. शरीरातून उतरली की झोप उथळ होते, ठोके वाढतात, लघवी वाढते, घसाही जास्त सैल पडतो. दोन आठवडे पूर्ण बंद करून बघा. कॅफिनही तसंच. पोटात गेलेल्यातलं निम्मं उरायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभरापेक्षा जास्त कमी झाली. "मला कॉफीने काही होत नाही, पडल्या पडल्या झोपतो" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांची झोप लागते, पण उत्तररात्री ती तुटत राहते.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. छातीत जळजळ किंवा तोंडात आंबट पाणी येत असेल तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा आणि डाव्या कुशीवर झोपा. अंगातून वाफा येऊन घामाने जाग येणं या वयात बायकांना रजोनिवृत्तीमुळे होतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत, सोसत बसू नका. पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. फेरिटिन नेहमीच्या तपासणीत सहसा नसतं, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकतं. दम्याचा त्रास पहाटे वाढतो. थायरॉइड जास्त चालत असेल तरी झोप मोडते. स्टिरॉइड, काही बीटा ब्लॉकर (रक्तदाबाची आणि हृदयाची औषधं), नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या आणि काही नैराश्यविरोधी औषधं झोप तोडतात. पण डॉक्टरांना न विचारता कुठलंही औषध बंद करू नका, बऱ्याचदा घेण्याची वेळ बदलूनही भागतं. आणि पहाटे जाग येऊन मन काळवंडलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. तसं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

आता दुसरा प्रश्न: जाग टिकवली कशाने. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ असं चाललं की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, आणि तुमचे चार महिने त्यात बसतात. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलं की निद्रानाश ज्या कारणाने सुरू होतो ते निघून गेलं तरी आपल्या सवयी तो पुढे चालू ठेवतात. घड्याळ बघणं ही त्यातली सगळ्यांत वाईट सवय. "सव्वातीन, आता लागली तर पावणेतीन तास मिळतील" हा हिशेब सुरू झाला की मेंदू कामालाच लागतो. सुट्टीला नऊपर्यंत झोपणं ही दुसरी. त्याने शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं आणि पुढच्या रात्री झोपेची गरजही कमी राहते. तिसरी म्हणजे तळमळत पडून राहणं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच सांगितलं होतं की जागेपणी अंथरुणात घालवलेला वेळ मेंदूला शिकवतो की ही जागं राहण्याची जागा आहे.

तर आजपासून घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत. जाग आली आणि अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागत नाहीसं वाटलं, तर उठा. मंद दिव्यात काहीतरी शांत, विशेष रस न लावणारं करत बसा. डोळे जड झाले की परत या, पुन्हा जाग आली की पुन्हा उठा. सकाळी सहाला उठायचंच, सुट्टीलाही, रात्र कशीही गेलेली असो. पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगून ठेवते. या पद्धतीचं पूर्ण रूप म्हणजे सीबीटी-आय, निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी तीच करावी अशी शिफारस केली. त्यात अंथरुणात घालवायचा वेळ मोजून मापून कमी करण्याचा भाग असतो. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल तर तो स्वतःच्या मनाने करू नये. ॲलर्जीच्या गोळ्या झोपेसाठी घेण्याच्या फंदात पडू नका, दुसऱ्या दिवशी सुस्ती आणि काही दिवसांत परिणाम शून्य.

दोन आठवड्यांची नोंद करा. किती वाजता पडलात, अंदाजे किती वेळ जागे होतात, किती वाजता उठलात, दारू-कॅफिन काय आणि कधी घेतलं, कुठली औषधं, लघवीला किती वेळा, आणि दिवसा पेंग आली का. सगळं सकाळी लिहा, रात्री नाही. तो कागद घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि "झोप येत नाही" एवढंच न सांगता घोरण्याचं रेकॉर्डिंगही ऐकवा. आणि गाडी चालवताना किंवा कुणाशी बोलता बोलता डुलकी लागत असेल, तर दोन आठवडे थांबू नका. याच आठवड्यात दाखवा आणि तोवर गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या.