उंदरातली कर्करोगाची गाठ औषधाने विरघळते, मग माणसातली का नाही? पेशींच्या रचनेशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगलाच आहे. मी काही वर्षं प्रयोगातल्या उंदरांच्या गाठींच्या स्लाइड पाहायचं काम केलं, त्यावरून सांगते.

'उंदरातली गाठ' म्हणजे नेमकी कुठली, हे आधी विचारायचं. एल १२१० हा उंदराचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. पोटात टोचला की पेशी तिथल्या द्रवात सुट्या तरंगतात, जवळजवळ सगळ्याच विभागत असतात आणि साधारण अर्ध्या दिवसात दुप्पट होतात. तिथेच औषध सोडलं की ते प्रत्येक पेशीला भिडतं. याच पेशींवर हॉवर्ड स्किपर या संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवलं की औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने नाही, ठरावीक प्रमाणात पेशी मारतो. शंभर कोटींतल्या ९९.९ टक्के मेल्या तरी दहा लाख उरतात, आणि या वेगाने पाच दिवसांत पुन्हा शंभर कोटी!

घट्ट गाठीचं प्रकरण वेगळं. तिची स्लाइड पाहिली की रक्तवाहिनीभोवती टवटवीत पेशींचं कडं दिसतं, त्यात विभाजनं भरपूर. वाहिनीपासून मिलिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा लांब गेलं की ऑक्सिजन संपतो आणि नुसता मृत चोथा लागतो. खरी गोम मधल्या पट्ट्यात असते. तिथल्या पेशी जिवंत असतात, पण विभागत नाहीत. सायटाराबिन हे कर्करोगाचं औषध डीएनएची नक्कल चालू असलेल्या पेशीलाच मारतं, त्यामुळे या बसून राहिलेल्या पेशी त्यातून सुटतात. शिवाय औषध तिथवर पोचतंही कमी. माणसाच्या बहुतेक घट्ट गाठींत अशा पेशींचा वाटा मोठा असतो.

औषधाची खूण पेशीच्या आतही उमटते. व्हिन्क्रिस्टीन हे औषध गुणसूत्रं ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही, मग गुणसूत्रं दोन बाजूंना जात नाहीत आणि विभाजन अर्ध्यावर अडकतं. डोसनंतर काही तासांनी पाहिलं तर मेटाफेजमध्ये, म्हणजे विभाजनाच्या मधल्या टप्प्यात, गोठलेल्या पेशींची गर्दी दिसते. नवख्याला वाटतं, गाठ जोमाने वाढतेय! (मीही एकदा फसले होते.) ॲक्टिनोमायसिन डी हे औषध दिल्यावर केंद्रिकेतले (पेशीकेंद्रातल्या न्यूक्लिओलसमधले) कणमय आणि तंतुमय भाग वेगवेगळे होतात, पण ते पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

म्हणून नुसत्या कॅलिपरने बाहेरून घेतलेल्या गाठीच्या मापावर माझा फारसा विश्वास नाही. गाठ आहे तेवढीच दिसते आणि आत निम्मी मेलेली असते. उलट, आटलेल्या गाठीच्या कडेला जिवंत पेशींची बारीक ओळ शिल्लक असते.

आणखी एक गोष्ट तपासा: औषध कधी सुरू केलं? पेशी टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं असेल, तर तेव्हा गाठ धड तयारही झालेली नसते. रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा मात्र ती बहुधा १ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते.