लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा, उपचार संपून पाच वर्षं झाली, म्हणजे माणूस पूर्ण बरा झाला का? पुढं किती वर्षं जगतात?

तुम्ही लिहिलंय की वहिनींचे रिपोर्ट चांगले आहेत, तरी त्या 'अजून दमायला होतं म्हणून कामं टाळतात'. हे वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला बसले. वर्षांचं खाली सांगते.

मला हॉजकिन (लिम्फोमाचाच एक प्रकार) झाला तो कॉलेज संपता संपता. मानेत गाठ आली, आधी टीबीची औषधं झाली, मग बायोप्सी. एबीव्हीडी, म्हणजे चार औषधांची केमो, आणि मानेला-छातीला रेडिएशन मिरजेला घेतलं. माहेर बेळगावात शहापूरला. सगळं सांगून-सवरून लग्न झालं ते निपाणीला, तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरात. काही वर्षांनी अंग जड पडायला लागलं. मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायची. केस गळाले, वजन वाढलं, पाळी बिघडली. थोरल्या जाऊबाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "आजार कवाच गेला की, आता झोपायची सवय तेवढी राहिलीय." जवळच्या डॉक्टरांनी टॉनिक आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. रेडिएशन झालंय हे सांगूनसुद्धा मानेला हात लावला नाही. शेवटी फॉलोअपला जुनी फाइल उघडली, तेव्हा कुठं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, झाली. थायरॉइड पार मंदावलेलं. मानेवर रेडिएशन झालेल्यांत हे इतकं सर्रास होतं की दरवर्षी टीएसएच बघायचीच असते, कितीही वर्षं होऊ देत. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि हळूहळू मी माणसात आले. जाऊबाईंचं त्यावर काय? "बरं झालं, नवीन निमित्त सापडलं."

आता तुमचं. हॉजकिन असेल तर चांगल्या उपचारानंतर दहातले साधारण नऊ जण पाच वर्षं पार करतात आणि त्यातले बहुतेक पुढंही नीट जगतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल हा प्रकार असेल, तर तो उलटायचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त, नंतर बराच उतरतो. फॉलिक्युलर प्रकार मात्र दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो. पण पाच वर्षांनंतर लोक नुसत्या गाठी चाचपत बसतात ते मला पटत नाही. केमोतलं ॲड्रियामायसिन हृदयावर उठतं, ब्लिओमायसिन फुप्फुसावर, आणि तेही कधी कधी फार उशिरा. तरुणपणी छातीला रेडिएशन झालं असेल तर आठ वर्षांनंतर स्तनांची तपासणी दरवर्षी, चाळिशीची वाट न बघता. पुढं कधी ऑपरेशन ठरलं, तर ब्लिओमायसिन घेतल्याचं भूल देणाऱ्यांना आधी सांगायचं. म्हणून कुठलं औषध किती दिलं, रेडिएशन कुठं दिलं, तो कागद जपा. आमच्याकडं रेशनकार्ड ठेवतात त्याच पिशवीत ठेवलाय.

आणि घरात कुणी बिडी ओढत असेल तर ती वहिनींपासून लांब. वखारीच्या घरात हे बोलून मी किती वाईट झाले ते सांगत नाही.

हां, प्रकार, स्टेज, वय यावर सगळं बदलतं, तेव्हा माझे आकडे तुमच्या डॉक्टरांना ऐकवू नका. वहिनींना मानेचं रेडिएशन झालंही नसेल, टीएसएच नॉर्मलही येईल. केमोनंतरचा थकवा काही जणांत कुठल्याच रिपोर्टात न दिसता वर्षानुवर्षं राहतो, तो खोटा नसतो. जाऊबाईंना, म्हणजे तुमच्या घरच्यांना, हे रक्त तपासायला जायच्या आधीच सांगून ठेवा.