आयर्लंड घ्या, पण 'केल्टांची एकी' डोक्यातून काढून

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या इतिहासावरच्या कॉम्प्युटर गेममध्ये छोटा केल्टिक देश घ्यायचा तर आयर्लंड बरा की फ्रान्सच्या वायव्य टोकाची ब्रिटनी, आणि पुढे सगळे केल्ट (आयरिश, वेल्श, ब्रेटन वगैरे) एका झेंड्याखाली आणता येतील का, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्हीकडून बरेचदा खेळलोय. आयर्लंडच घ्या. झेंड्याचं मात्र सोडून द्या.

गेम ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो, तेव्हा नकाशावर आयर्लंड नावाचं एक राज्यच नसतं. टायरोन, थोमंड, डेस्मंड, किल्डेअर अशी छोटी संस्थानं असतात आणि डब्लिनभोवतालचा 'पेल' इंग्लंडकडे. टायरोनचे ओ'नील गेलिक, म्हणजे मूळचे आयरिश, पण किल्डेअर नि डेस्मंडचे फिट्झजेराल्ड मूळचे अँग्लो-नॉर्मन, म्हणजे इंग्लंडमार्गे आलेले नॉर्मन. अशी बाहेरून आलेली घराणी इतकी आयरिश झाली होती की इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिश बोलू नये, आयरिश लोकांशी सोयरीक करू नये, असे कायदे १३६६ मध्ये किलकेनीला करावे लागले. गेलिक घराण्यांत गादी आपोआप थोरल्याकडे जात नसे, भाऊबंदांतून वारस निवडत. त्यामुळे भाऊबंदकी पाचवीला पुजलेली. (त्या वारसाचं 'टॉनिश्ता' हे नाव आज तिथल्या उपपंतप्रधानाला आहे, हे मला फार आवडतं.)

'आम्ही केल्ट' असं तेव्हा त्यांच्यातलं कुणी म्हणत नव्हतं. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा एका कुळातल्या आहेत, हे वेल्श अभ्यासक एडवर्ड ल्हुइडने सविस्तर मांडलं ते १७०७ मध्ये. म्हणजे गेमची अडीचशेहून जास्त वर्षं उलटल्यावर! ब्रिटनीत तर पश्चिमेला ब्रेटन आणि पूर्वेला फ्रेंचच्या जवळची गॅलो, दोन्ही एकाच ड्यूकची प्रजा. १४८८ मध्ये तो ड्यूक फ्रान्सकडून हरला, १४९१ मध्ये त्याच्या मुलीला, अ‍ॅनला, फ्रान्सच्या राजाशी लग्न करावं लागलं आणि १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सला जोडली गेली. गेममध्येही फ्रान्स तुम्हाला असाच गिळायला बघतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता टायरोन, आयर्लंडसाठी सुरुवात इथूनच करा. पहिल्याच वेळी मी घाईने पेलवर चालून गेलो होतो. इंग्लंड दुसऱ्या कुठल्याच लढाईत नव्हतं, त्यामुळे दोन वर्षांत सगळं संपलं. त्यांच्या आरमाराशी तुमचा टिकाव लागत नाही, हे धरूनच चाला. आधी दुबळे शेजारी एकेक करून घ्या, प्रत्येक प्रांत पचला की मगच पुढचा. सगळे एकदम दुखावले तर एकत्र येऊन उलटतात. स्कॉटलंडशी युती जमते का बघा, तीही इंग्लंडचं वैर म्हणून, केल्ट म्हणून नव्हे. मग थांबा. इंग्लंडचं सैन्य फ्रान्समध्ये अडकलं किंवा घरात यादवी पेटली की पेल घ्या, आणि ते सैन्य परतायच्या आत तह उरका. जास्तीचं काही मागू नका.

पहिली वीस वर्षं झाली की नकाशाचं चित्र टाका. कोण शेजारी उरलेत ते बघून पुढची चाल सांगतो.