मुळं गेलेल्या ऑर्किडला टॉनिक पाजू नका

प्रश्न: फॅलेनॉप्सिसची पानं सुरकुतून लोळलीत, मुळं जवळपास गेलीच आहेत. दुकानदाराने १९:१९:१९ खत आणि मुळं फुटायचं टॉनिक दिलंय, किती मारू? शेडनेटला अनुदान आहे का?

उत्तर: काही मारू नका. मूळच नाही तर झाड खत घेणार कशाने? असे लॉट खूप बघितलेत, पाणी जास्त होतं, मुळं सडतात, म्हणून पानं सुरकुततात, आणि माणूस समजतो झाड तहानलंय, अजून पाणी ओततो, वरून दुकानदाराचं खत, मग उरलीसुरली दोन मुळं पण क्षाराने जळतात.

झाड उपसा, मुळं चिमटीत दाबून बघा. टणक लागलं तर तपकिरी असलं तरी ठेवा. पिचपिचीत लागतं, साल मोज्यासारखी सुटून आत नुसता दोरा राहतो, ते कापा. ब्लेड दर झाडाला नवं घ्या, नाहीतर ज्योतीवर लाल तापवून घ्या, नुसत्या स्पिरिटने पुसून व्हायरस जाईलच असं नाही, सगळ्या लॉटला वाटाल. फुलाचा दांडा पण कापा, जिवावर येतं माहितीय, तरी कापा. दिवसभर सावलीत सुकू द्या.

मग माझा भरवसा फक्त मॉस आणि पिशवीवर. स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, भिजवून घट्ट पिळायचं, थेंब पडता कामा नये, पारदर्शक पिशवीच्या तळाला घालून झाड वर नुसतं टेकवायचं, पुरायचं नाही, तोंड बांधून उजेडात ठेवायचं. उन्हात अजिबात नाही, आत झाड शिजतं. चार-पाच दिवसांनी हवा द्या, पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानाच्या बेचक्यात, पाणी दिसलं तर टिपा, पोंगा सडला की फॅलेनॉप्सिस बहुतेक संपलंच.

बुडातून हिरव्या टोकाची मुळं यायला महिना-दीड महिना सहज जातो, थंडीत जास्तच, रोज उपसून बघू नका. जुनी पानं सपाट होतीलच असं नाही, नवं पान बघा. डेंड्रोबियम, म्हणजे कांड्यांचं ऑर्किड, असेल तर सुरकुतलेली कांडी कापू नका, साठा तिच्यातच असतो.

खत मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाल्यावर, ते पण लेबलवरच्या डोसच्या चौथा हिस्सा. दुकानदार म्हणेल डबल मारा, लवकर फुटेल. नाही फुटत! हार्मोन जास्त झालं तर मुळं उलट थबकतात. परत सांगतो, मुळं येईपर्यंत खत नाही, टॉनिक नाही, ह्यूमिक ॲसिड पण नाही.

अनुदानाचं ऑफिसला येऊन विचारा, नियम बदलत असतात. येताना ती टॉनिकची बाटली घेऊन या, लेबलवर काय लिहिलंय बघू.